धर्मराज चेरलाथन : कावेरीच्या खोऱ्यातील उजवा कोपरारक्षक

प्रो कबड्डी लीगच्या इतिहासात वयाच्या चाळिशीनंतर सर्वाधिक चर्चेत राहिलेला खेळाडू म्हणून धर्मराज चेरलाथन यांचे नाव घ्यावे लागते. २१ एप्रिल १९७५ रोजी जन्मलेले चेरलाथन तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्याचे. २०१६ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, पाटणा पायरेट्स संघाचे कर्णधार म्हणून त्यांनी लीगचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही ते होते. ४४ व्या वर्षी ते हरियाणाच्या संघाचे कर्णधार होते, तर ४६ व्या वर्षी जयपूरच्या संघातून मॅटवर उतरत होते. पुणेरी पलटण आणि यू मुंबा या महाराष्ट्राच्या दोन्ही संघांकडून ते प्रत्येकी एक हंगाम खेळल्यामुळे मराठी प्रेक्षकांना त्यांचा चेहरा चांगलाच परिचयाचा आहे.

चढाईपटूचे कौतुक सर्वांनाच असते. बचावपटूचा पराक्रम मात्र क्षणार्धात आटोपतो आणि पुष्कळदा तो नेमका कोणी केला हे कळायच्या आत सात जणांचा ढिगारा झालेला असतो. चेरलाथन यांची सारी कारकीर्द या ढिगाऱ्याच्या तळाशी घडली. भारतीय कबड्डीला पैसा आणि दूरचित्रवाणी लाभली तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. त्यांच्या पिढीतील बहुतेक खेळाडू तोपर्यंत निवृत्त होऊन नोकरीत स्थिरावले होते किंवा प्रशिक्षक झाले होते.

चडुगुडूचा मुलूख

तंजावर जिल्हा म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश, तामिळनाडूचे भाताचे कोठार. जिल्ह्यात तंजावरखालोखाल नाव घेतले जाते ते कुंभकोणमचे. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले हे देवळांचे गाव गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या बालपणामुळे आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम पर्वामुळे देशभर ओळखले जाते. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या वंशाची सत्ता येथे १८५५ पर्यंत, सुमारे पावणेदोनशे वर्षे, नांदली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे आजही त्याची साक्ष देतात.

या भागात कबड्डीचे जुने नाव चडुगुडू. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडुडु, तामिळनाडूत चडुगुडू अशी या खेळाची प्रांतोप्रांतीची नावे होती. ‘कबड्डी’ हा शब्दच मुळात तमिळ असून ‘कै’ म्हणजे हात आणि ‘पिडी’ म्हणजे पकड यांपासून तो बनला, असे मानणाराही एक मतप्रवाह आहे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पकडीला खेळाचा प्राण मानणाऱ्या तमिळ बचावपटूंना ती आवडावी यात नवल नाही.

खेळाला नियमांची चौकट देण्याचे मोठे श्रेय मात्र पश्चिम भारताकडे जाते. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमावली तयार करून स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाची प्रात्यक्षिके जर्मनीत करून दाखवली. महाराष्ट्रात कबड्डी व्यायामशाळा आणि मंडळांतून वाढली; मुंबईत गिरणगावाने तिला आधार दिला. कावेरीच्या खोऱ्यात ती शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेली राहिली. सांबा हंगामाचे भात जानेवारीच्या सुमारास कापणीला येते, पोंगल साजरा होतो आणि मोकळ्या झालेल्या रानांत गावोगावच्या स्पर्धा सुरू होतात. विजेच्या दिव्यांखाली रात्रभर सामने चालतात. बक्षिसाची रक्कम आणि ढाल गावाच्या नावावर जमा होते.

मातीवरच्या या कबड्डीत बचावपटूची परीक्षा अधिक कठोर असते. मॅटवर पाय सहसा घसरत नाही आणि चढाईपटूच्या हालचालीचा वेग डोळ्यांना मोजता येतो. मातीत पाय रुततो, अंग सोलवटते, आणि पकड सुटली तर हाती केवळ धूळ लागते. याच मातीवर तयार झालेल्या खेळाडूंना पुढे बूट घालून मॅटवर खेळण्याची सवय करून घ्यावी लागली. चेरलाथन यांच्या पिढीने ही दोन्ही युगे पाहिली.

कोपऱ्यातील जबाबदारी

चेरलाथन यांची जागा उजव्या कोपरारक्षकाची. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. चढाईपटूला ३० सेकंद मिळतात आणि त्याच्यासमोर जास्तीत जास्त सात बचावपटू उभे असतात. या सातांच्या अर्धवर्तुळाची दोन टोके म्हणजे कोपरारक्षक, आणि त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक. मध्यरक्षक प्रामुख्याने समोरून धडक देऊन चढाईपटूची परतीची वाट अडवतात. कोपरारक्षक मागच्या अंगाने शिरतो. त्याची मुख्य हत्यारे दोन : घोट्याची पकड आणि मांडीची पकड.

चढाईपटू बोनस रेषा ओलांडण्यासाठी पाय पुढे टाकतो, त्या वेळी दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्या क्षणी त्याच्या शरीराचा सारा भार एकाच पायावर असतो. कोपरारक्षक नेमका याच क्षणाची वाट पाहत असतो. तो निमिषभर आधी झेपावला तर चढाईपटू पाय मागे घेऊन त्यालाच हात लावून निघून जातो; निमिषभर उशीर झाला तर बोनस गुण गेलेला असतो. कोपरारक्षक चुकला की प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतोच, शिवाय तो स्वतः बाद होऊन बाहेर जातो आणि अर्धवर्तुळाचे एक टोक उघडे पडते. पुढचा चढाईपटू त्याच भगदाडातून आत शिरतो. लोण चढण्याची सुरुवात पुष्कळदा अशा एका उतावळ्या झेपेने होते.

म्हणूनच कोपऱ्यावर वयाचा उपयोग होतो. चढाईपटूचे भांडवल म्हणजे वेग आणि लवचीकता, आणि ती तिशीनंतर ओसरू लागते. कोपरारक्षकाला चढाईपटूचा खांदा कोणत्या बाजूला झुकतो, तो दम कुठे सोडतो, तिसऱ्या निर्णायक चढाईत तो कोणत्या बाजूने सुरुवात करतो, हे वाचता यावे लागते. चेरलाथन यांचा खेळ या वाचनावर उभा होता. ते उगीच पुढे धावत नसत. पकड बसेल अशी खात्री झाल्यावरच हात घालायचा आणि एकदा घोटा हाती आला की सहकारी येईपर्यंत तो सोडायचा नाही, अशी त्यांची साधी रीत होती. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू मैदानात असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, एक जादा गुण मिळतो. अशा अडचणीच्या वेळी संघ अनुभवी कोपऱ्याकडेच पाहतो.

अमेरिकन फुटबॉलमध्येही मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या बचावपटूला कॉर्नरबॅक म्हणतात. तेथे चेंडू असतो, चिलखतासारखा पोशाख असतो. तरीही प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पावलाचा अंदाज घेऊन त्याला खाली पाडण्याचे काम बरेचसे सारखे आहे. त्या खेळातील व्यावसायिकाची सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांचीच असते, असे तेथील खेळाडूंची संघटना सांगत आली आहे. त्या पार्श्वभूमीवर वॉशिंग्टनच्या संघाचे कॉर्नरबॅक डॅरेल ग्रीन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९८३ ते २००२ असे २० हंगाम ते एकाच संघाकडून खेळले आणि निवृत्त झाले तेव्हा ४२ वर्षांचे होते. चेरलाथन यांना मिळालेल्या संधीचे गणित याच्या नेमके उलटे आहे. ग्रीन यांना व्यावसायिक करार तेविशीत मिळाला, चेरलाथन यांना एकोणचाळिशीत.

लीगपूर्वीची वर्षे

प्रो कबड्डी लीग सुरू होण्यापूर्वी कबड्डीपटूचे आयुष्य नोकरीभोवती फिरत असे. रेल्वे, सेनादले, पोलीस, बँका, तेल कंपन्या, एअर इंडिया यांसारख्या आस्थापनांचे संघ असत. खेळाडू म्हणून भरती, वर्षभर निमंत्रित स्पर्धा, राज्याकडून किंवा आस्थापनेकडून राष्ट्रीय अजिंक्यपद आणि नशीब असेल तर भारताची जर्सी, अशी ही वाट होती. पगार निश्चित असला तरी प्रसिद्धी बेताचीच. आशियाई क्रीडा स्पर्धेत १९९० ते २०१४ या काळात भारतीय पुरुष संघाने सलग सात सुवर्णपदके जिंकली, पण त्या संघांतील किती जणांची नावे सामान्य क्रीडारसिकाला सांगता येतील, हा प्रश्नच आहे.

विश्वचषकाचे तर आणखी विपरीत. पहिला विश्वचषक २००४ मध्ये मुंबईत झाला, दुसरा २००७ मध्ये पनवेलला. त्यानंतरचा विश्वचषक उजाडायला २०१६ साल यावे लागले. मधली नऊ वर्षे कोणाच्याही कारकिर्दीत भरून न येणारी. चेरलाथन यांच्या बाबतीत ती ३२ ते ४१ या वयाची वर्षे होती.

विजेतेपदाचे वर्ष

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगला प्रारंभ झाला. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार यांच्यावर लागली. ती १२ लाख ८० हजार रुपयांची होती आणि त्या वेळी तीही कबड्डीत न भूतो अशी मानली गेली. चेरलाथन सुरुवातीला बेंगळुरू बुल्सच्या संघात होते, पुढे तेलुगू टायटन्सकडे गेले. चाळिशीला टेकलेल्या बचावपटूला संघमालक किती काळ पोसतील, अशी शंका घेण्यास वाव होता.

तिला उत्तर मिळाले ते २०१६ मध्ये. चौथ्या हंगामासाठी ते गतविजेत्या पाटणा पायरेट्सकडे आले आणि कर्णधारपद त्यांच्याकडे आले. संघात प्रदीप नरवाल हे विलक्षण प्रतिभेचे तरुण चढाईपटू होते, तर डाव्या कोपऱ्यावर इराणचे फझल अत्राचली. डावीकडे आक्रमक, चढाईपटूच्या अंगावर जाणारे फझल आणि उजवीकडे संयमी चेरलाथन, अशी ही जोडी जमली. पाटण्याने उपांत्य फेरीत पुणेरी पलटणला हरवले. ३१ जुलै २०१६ रोजी हैदराबादमधील गचिबोवली येथे झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी जयपूर पिंक पँथर्सचा ३७-२९ असा पराभव केला. पाटण्याचे हे लागोपाठ दुसरे विजेतेपद ठरले.

योगायोग असा की कुंभकोणमला महामहम पर्वही याच वर्षी, फेब्रुवारीत, भरले होते. बारा वर्षांनी येणारी पर्वणी आणि नऊ वर्षांनी आलेला विश्वचषक एकाच सालात पडले.

ऑक्टोबर २०१६ मध्ये अहमदाबादला विश्वचषक झाला. अनुप कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघात चेरलाथन यांची निवड झाली. सलामीच्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ३२-३४ असे हरवले, तेव्हा यजमानांच्या गोटात चिंता पसरली. भारत त्यातून सावरला आणि उपांत्य फेरीत थायलंडला ७३-२० असे नमवून अंतिम फेरीत पोचला. २२ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात समोर इराण होता आणि इराणच्या बचावात फझल अत्राचली होते. तीन महिन्यांपूर्वी एकाच संघाच्या दोन कोपऱ्यांवर खेळलेले दोघे आता परस्परविरोधी संघांत होते. मध्यंतराला भारत १३-१८ असा पिछाडीवर पडला होता. उत्तरार्धात अजय ठाकूर यांच्या चढायांनी चित्र पालटले आणि भारताने ३८-२९ अशी बाजी मारली. जागतिक विजेतेपदाचे हे पदक चेरलाथन यांच्या गळ्यात पडले, ते इतर क्रीडाप्रकारांत माजी खेळाडू समालोचन करू लागतात त्या वयात.

पुणे आणि मुंबई

२०१७ मध्ये लीगचा विस्तार होऊन संघ आठचे बारा झाले. हंगामही लांबला, २८ जुलै ते २८ ऑक्टोबर असे तीन महिने तो चालला. याच वेळी तमिळ थलैवाज हा तामिळनाडूचा संघ प्रथमच मैदानात उतरला. मात्र या सर्वांत अनुभवी तमिळ बचावपटूला पुणेरी पलटणने आपल्याकडे घेतले. दीपक हुडा यांच्या नेतृत्वाखालील या संघात डाव्या कोपऱ्यावर महाराष्ट्राचे गिरीश इरनक होते, उजवीकडे चेरलाथन. पुण्याने बाद फेरी गाठली. तेथे त्यांची गाठ पडली ती पाटणा पायरेट्सशीच. तो सामना पाटण्याने ४२-३२ असा जिंकला. वर्षभरापूर्वी ज्या प्रदीप नरवाल यांच्या चढायांच्या बळावर चेरलाथन यांनी चषक उंचावला होता, त्यांनाच रोखण्याचे काम या वेळी त्यांच्याकडे होते.

सहाव्या हंगामात, २०१८ मध्ये, यू मुंबाने फझल अत्राचली यांना एक कोटी रुपयांना करारबद्ध केले. लीगच्या लिलावात कोटीची बोली लागलेले ते पहिले खेळाडू. चेरलाथनही मुंबईच्या संघात आले आणि पाटण्याची जुनी जोडी पुन्हा एकत्र झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचे सिद्धार्थ देसाई यांनी याच हंगामात पदार्पण करून चढाईत २१८ गुण मिळवले आणि साऱ्या चर्चेचा ओघ स्वाभाविकपणे तिकडे वळला. पण देसाई यांना निर्धास्त चढाया करता आल्या त्या मागे उभ्या असलेल्या बचावामुळे, हे मुंबईच्या जाणकार प्रेक्षकांना ठाऊक होते. ३० डिसेंबर २०१८ रोजी कोची येथे यूपी योद्धाने २९-३४ असे हरवल्याने मुंबईचा हंगाम संपला.

या संघांत तरुण खेळाडू त्यांना ‘अण्णा’ म्हणत. तमिळमध्ये थोरल्या भावाला अण्णा म्हणतात आणि मराठीतही हा शब्द घरोघरी आहेच, त्यामुळे पुण्या-मुंबईत त्याचे भाषांतर करावे लागले नाही. पुढे समालोचकांनीही तो उचलला. सोबतच्या बहुतेकांशी वयाचे अंतर वीस-बावीस वर्षांचे होते; अनेकांचा जन्म झाला तेव्हा हे अण्णा हाती आलेले खेळाडू होते.

घरातही ते थोरलेच. त्यांचे धाकटे बंधू धर्मराज गोपू हेही बचावपटू असून प्रो कबड्डीत खेळले आहेत. तमिळ पद्धतीप्रमाणे दोघांच्या नावाआधी येणारे ‘धर्मराज’ हे वडिलांचे नाव. आडनाव लावण्याची रीत तेथे नसल्याने देशभरच्या प्रेक्षकांनी मात्र वडिलांच्याच नावाने मुलाला ओळखले. गोपू यांना तमिळ थलैवाजकडून, म्हणजे आपल्या राज्याच्या संघाकडून खेळता आले. थोरल्या भावाला खेळाडू म्हणून तो योग आला नाही.

अखेरचे हंगाम

२०१९ मध्ये हरियाणा स्टीलर्सने चेरलाथन यांना कर्णधार नेमले. प्रशिक्षक होते राकेश कुमार, म्हणजे पहिल्या लिलावातील सर्वांत महागडे खेळाडू. ते तोपर्यंत निवृत्त होऊन प्रशिक्षक झाले होते आणि वयाने आपल्या कर्णधारापेक्षा लहान होते. भारतीय क्रीडाक्षेत्रात अशी उदाहरणे फारशी सापडणार नाहीत. हरियाणा म्हणजे कबड्डीचे माहेर, तेथील एकेका गावातून राष्ट्रीय खेळाडू निघतात. त्या राज्याच्या संघाचे नेतृत्व तंजावरच्या माणसाकडे सोपवले गेले, याचेही अप्रूप होते. हरियाणाने बाद फेरी गाठली, पण १४ ऑक्टोबर २०१९ रोजी अहमदाबादला यू मुंबाने त्यांना ४६-३८ असे पराभूत केले. पुन्हा एकदा त्यांना बाद फेरीत हरवणारा संघ त्यांचा माजी संघ होता.

करोना महासाथीमुळे २०२० चा हंगाम झाला नाही. पंचेचाळिशीतील खेळाडूच्या दृष्टीने वाया गेलेले वर्ष तरुणाच्या वर्षापेक्षा महाग असते. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूच्या एका हॉटेलच्या आवारात, प्रेक्षकांविना आठवा हंगाम सुरू झाला तेव्हा जयपूर पिंक पँथर्सच्या संघात चेरलाथन होते. २०१६ च्या अंतिम सामन्यात त्यांनी ज्या संघाला हरवले होते तोच हा संघ. लीगमध्ये त्यांनी खेळलेल्या सामन्यांची संख्या शंभरावर गेली होती, आणि हे सर्व सामने त्यांनी एकोणचाळिसाव्या वर्षानंतर खेळले होते.

दरम्यान, त्यांच्या पिढीने उभारलेले भारतीय वर्चस्व डळमळले होते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असे हरवून सुवर्णपदकांची मालिका खंडित केली. इराणची ती ताकद होती बचावाची, घोट्याच्या आणि मांडीच्या पकडींची. भारतीय कबड्डीने चढाईपटूंवर पैसा ओतताना बचावाकडे दुर्लक्ष केले काय, अशी चर्चा त्यानंतर बराच काळ चालू राहिली. ती निराधार नव्हती. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत भारताने इराणकडून सुवर्णपदक परत मिळवले, तेही अखेरच्या मिनिटांतील मोठ्या वादानंतर.

२०२४ मध्ये, अकराव्या हंगामासाठी, तमिळ थलैवाजने जे. उदयकुमार यांना मुख्य प्रशिक्षक आणि चेरलाथन यांना व्यूहरचना प्रशिक्षक नेमले. राज्याच्या संघाची स्थापना झाल्यानंतर सात वर्षांनी ते त्या संघात दाखल झाले. त्या वर्षीच्या लिलावात थलैवाजने चढाईपटू सचिन तंवर यांच्यासाठी २ कोटी १५ लाख रुपये मोजले होते. संघाचा पहिला सामना १९ ऑक्टोबर २०२४ रोजी तेलुगू टायटन्सविरुद्ध झाला, गचिबोवलीलाच, जेथे आठ वर्षांपूर्वी चेरलाथन यांनी कर्णधार म्हणून चषक स्वीकारला होता. थलैवाजने तो ४४-२९ असा जिंकला.